पीठ न बसलेल्या जागा

फुसफुस असा बारीक आवाज शेवटचा कधी ऐकू आला, हे गुणाजी घाडीला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बावीस वर्षं त्यानं परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले होते. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडायला लागले की बोलणं ऐकू येण्याचा प्रश्नच नसे. तिथले कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. पाच साच्यांपलीकडून एकानं शिवी हासडायची आणि दुसऱ्यानं ती तिथूनच परत करायची, सगळं बिनआवाजी. ह्या बावीस वर्षांत त्याच्या कानांनी बारीक आवाज एकेक करून सोडून दिले. जाड आवाज राहिले. समोर उभं राहून कोणी बोललं तर अडत नसे, ट्रकचा हॉर्न कळे, पण घड्याळाची टिकटिक, चिमण्यांची चिवचिव, स्टोची फरफर हे सगळं गेलं ते गेलंच.

ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. जानकीला, म्हणजे बायकोलासुद्धा नाही, म्हणजे बघा. त्याऐवजी त्यानं मान डोलवायची सवय लावून घेतली होती. नीट कळलं नाही की मान डोलवायची आणि ‘हो’ म्हणायचं. माणसं हो म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा काही विचारत नाहीत. संपापासून नवरा घुम्या झालाय, एवढंच जानकीचं मत होतं.

ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली. दोन वर्षं इकडेतिकडे हमाली केल्यावर गावचाच काशीराम त्याला साकीनाक्याच्या ब्रेडच्या कारखान्यात घेऊन गेला. काशीराम तिथे फिटर होता. कंप्रेसर सांभाळायला माणूस हवा होता. मॅनेजर जयवंत प्रधान हा तिशीतला, डिप्लोमावाला, मुलुंडचा. त्यानं दोन-चार प्रश्न विचारून शेवटी विचारलं, “कान-डोळे व्यवस्थित आहेत ना?” गुणाजी हो म्हणाला. उपाशी माणसानं दुसरं काय म्हणायचं होतं?

ब्रेडच्या कारखान्यात हवेचं काय काम, असं जानकीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. गुणाजीनं मोठ्या ऐटीत समजावलं. कंप्रेसर टाकीत हवा दाबून भरतो. ती हवा छताजवळच्या लोखंडी पाइपांतून सगळीकडे जाते. कणकेचे गोळे तोडणारी सुरी हवेवर चालते, ब्रेडचे साचे फुंकून साफ होतात ते हवेनं, आणि कापलेला ब्रेड मेणकागदात गुंडाळणारं मशीन आहे, त्याची बोटंसुद्धा हवेनंच मिटतात. प्रेशर सात किलो झालं की कंप्रेसर आपोआप सुटतो आणि जरा दम खातो. उतरलं की परत जोर लावतो.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या कंप्रेसरनं दम खाणं बंद केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो धापा टाकायचा, तरी गुंडाळणाऱ्या मशीनपाशी प्रेशर चार किलोच्या वर जाईना. बोटं अर्धवट मिटायची, मेणकागदाची घडी उघडी राहायची, आणि घाटकोपरच्या दुकानांतून कडक झालेले ब्रेड परत यायचे.

एका गुरुवारी, भट्टीच्या सुट्टीच्या दिवशी, प्रधान मुद्दाम आला. कारखान्यात वॉचमन सोडला तर ते दोघंच. त्यानं सगळी यंत्रं बंद ठेवून नुसता कंप्रेसर चालू करायला सांगितला आणि हातातल्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. टाकी भरली, कंप्रेसर सुटला, आणि दीड मिनिटात परत जोर लावायला लागला. पाच वेळा तेच.

“एकही मशीन चालू नाही, गुणाजी. मग ही हवा पितंय कोण?” प्रधान म्हणाला. मग तो हॉलच्या मधोमध जाऊन पाइपांखाली उभा राहिला आणि बोट वर केलं. “गळतेय. दहा ठिकाणी तरी गळतेय. ऐकू येतंय ना?”

गुणाजीनं वर बघितलं. त्याच्या लेखी हॉल गाभाऱ्यासारखा शांत होता.

“हो साहेब,” तो म्हणाला.

“मग शोधा. शेठचा नवीन मोठा कंप्रेसर घ्यायचा विचार आहे. कंपनीवाले मशीनबरोबर त्यांचा माणूस देतात, म्हणजे तुमची जागा राहत नाही. मी शेठना तीन आठवडे थांबवतो. गळती बंद झाली तर नवीन मशीन लागणारच नाही.” आणि मग अगदी आपुलकीनं तो म्हणाला, “अहो, सोपं आहे. शांततेत नुसतं कान देऊन फिरायचं.”

बिचाऱ्याला काय माहीत!

गुणाजी वाईट कामगार नव्हता. त्यानं बादलीत साबणाचं पाणी केलं, शिडी घेतली, आणि एकेका जोडाला ब्रशनं फेस लावत सुटला. हवा गळत असली तर फेसाला बुडबुडे येतात, हे त्याला ठाऊक होतं. पण पाइप केवढे! चारशेच्या वर जोड, त्यातले निम्मे चौदा फुटांवर. चालू कारखान्यात कणकेवर साबण टपकायला नको म्हणून दिवसातून तासभरच शिडी लावायला मिळे. पाच दिवसांत साठ जोड झाले आणि सहा गळके सापडले. प्रेशरचा काटा हललासुद्धा नाही.

“अरे मेल्या, पायपाक काय आंघोळ घालतंस?” काशीराम खालून म्हणाला. “गुरुवारी सगळा बंद असता. नुसतो फिरलंस तरी ऐकाक येतला तुका.”

“होय तर,” गुणाजी म्हणाला आणि ब्रश बुडवत राहिला. त्याला रडू येईल की काय असं वाटत होतं. पन्नाशीला आलेला माणूस, शिडीवर उभा राहून साबणाच्या पाण्यात रडणार! पुन्हा हमाली करण्याइतकी पाठ आता राहिली नव्हती, आणि हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

कणीक फुगायला ठेवतात त्या गरम खोलीच्या मागे एक अरुंद बोळी होती. आठव्या दिवशी तो तिथे घुसला. त्या बोळीत वर्षानुवर्षं कोणाचं फडकं पोचलं नव्हतं. ब्रेडच्या कारखान्यात मैदा हवेतच असतो, जिथे जागा मिळेल तिथे बसतो. तिथल्या पाइपावर पिठाचा बोटभर थर होता. पण एका वळणावर, जिथे दोन पाइप जोडले होते तिथे, लोखंड लख्ख होतं. रुपयाएवढी जागा, आणि तिच्या कडेचं पीठ फुंकर मारल्यासारखं मागे सरलेलं. गुणाजीनं हाताची मागची बाजू जिभेनं ओली केली आणि तिथे धरली. गार झुळूक लागली.

गळणारी हवा पिठाला बसू देत नव्हती. जी जागा स्वच्छ, ती गळकी. कानांचं काही कामच नव्हतं! हॉलमध्ये जाऊन त्यानं घाईघाईनं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. हॉलमधले सगळेच पाइप स्वच्छ होते. दर शनिवारी सुंदराबाई लांब काठीला फडकं बांधून ते पुसत असे, कारण पिठात किडे होतात आणि शेठला पाइप चकचकीत लागत.

सुंदराबाई साताऱ्याकडची, घाटकोपरच्या वस्तीत राहणारी. नवरा नाही, दोन मुली शाळेत. बोलायला फटकळ, कामाला वाघ. गुणाजीनं तिला भट्टीच्या बाजूला गाठलं आणि म्हणाला, “बाई, ह्या शनिवारी वरचे पाइप पुसू नका.”

“आन का वो?”

“मला पीठ बसलेलं बघायचंय.”

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू भट्टीची धग याच्या डोक्यात गेली होती. मग गुणाजीनं बोळीतली गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि काठी भिंतीला टेकवली.

“पर गुरवारी कान दिऊन फिरायचं सोडून ह्यो उद्योग कशापायी? सायब तर म्हनत हुते, सोपं हाय.”

गुणाजीनं नुसती मान डोलवली.

“गुणाजीभाऊ, एक बोलू का? मी तुमास्नी मागनं हाक मारली तर तुमी कदी वळत न्हाई. फुडं आले तर माज्या डोळ्याकडं न्हाई, तोंडाकडं बगता. माजा बा दगडाच्या खाणीत हुता. त्याचं बी असंच झालं हुतं.”

गुणाजीनं आजूबाजूला बघितलं. “कोणाला बोलू नका,” तो कसाबसा म्हणाला.

“मला काय करायचंय बोलून? न्हाई पुसत मी. पर सायबानं इचारलं तर?”

“मी सांगितलं म्हणून सांगा.”

त्या शनिवारी पाइप पुसले गेले नाहीत. तीन दिवसांत वर पांढुरकी साय धरली, आणि त्या सायीत एकेक जागा उघडी पडायला लागली. गुणाजी लाल खडू घेऊन शिडीवर चढायचा आणि जागेभोवती गोल काढायचा. एक सुट्टीचा गुरुवार, एक शनिवार, दुसरा सोमवार. एकतीस गोल झाले. काही जोड नुसते सैल होते, आवळून भागलं. काहींचे रबर कुजले होते. रबरी नळ्यांच्या क्लिपा तर कोणीतरी लग्नाच्या मांडवाची दोरी आवळावी तशा सुतळीनं बांधल्या होत्या. सगळ्यात मोठा गोल निघाला तो बनपावाच्या जुन्या मशीनकडे जाणाऱ्या पाइपावर. मशीन दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलं होतं, पण त्याच्याकडे हवा मात्र इमानेइतबारे अजून जात होती. गुणाजीनं तो पाइप मुळापाशीच बंद केला.

पाळी सुटताना माणसं रबरी नळी उघडी सोडून अंगावरचं पीठ उडवायची, शर्टात नळी घालून गारवा घ्यायची. तिथे गुणाजीनं बारीक भोकाची तोटी बसवली. त्यावरून त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. निदान बोलणाऱ्यांना तसं वाटलं.

मशीनपाशी काटा साडेपाचवर आला. कंप्रेसर तर आता अधूनमधून सुटायला लागला होता. गुणाजी टाकीवर तळवा ठेवून बसे. धडधड थांबून टाकी निवांत झाली की त्याला हातातून कळे, आणि त्याचाही जीव थोडा खाली बसे. अजून बारा गोल बाकी होते, सगळे उंचावरचे. मुदतीला दोन दिवस होते. होईल, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

मंगळवारी दुपारी शेठ न सांगता आला. बरोबर एक हॉटेलवाला पाहुणा होता, त्याला रोजचा ब्रेड इथून घ्यायचा होता. शेठनं त्याला हॉल दाखवला, भट्टी दाखवली, आणि कौतुकानं जिन्यावरून हात पोचणाऱ्या पाइपावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. पाहुण्यानं ते बघितलं. शेठनं प्रधानकडे जे बघितलं ते अख्ख्या हॉलला कळलं. दोघं गाडीत बसून गेले, आणि प्रधाननं सुंदराबाईला केबिनमध्ये बोलावलं.

गुणाजी तेव्हा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला शिडीवर होता. केबिनला काच होती. मधे मिक्सर घरघरत होते, कणीक आपटत होती, साचे खडखडत होते. त्या गोंगाटात केबिनमधलं अक्षर कोणाला ऐकू आलं नसतं. गुणाजीला ऐकू येण्याची गरजच नव्हती. बावीस वर्षं तो असंच ऐकत आला होता.

“दोन शनिवार पाइपाला हात लावला नाही?” प्रधान म्हणत होता.

सुंदराबाई अर्धी वळून उभी होती, तरी तिचे ओठ दिसत होते. “राहून गेलं सायब.”

“राहून गेलं? दोनदा? कोणी सांगितलं होतं का पुसू नका म्हणून?”

आता ती नाव घेईल. घ्यायलाच पाहिजे, त्यानं तसं सांगून ठेवलं होतं.

“न्हाई,” सुंदराबाई म्हणाली. “माजीच चूक.”

“शेठ म्हणाले, बाई बदला. माझा इलाज नाही. उद्यापासून येऊ नका.”

तिनं मान खाली घातली, त्यामुळे पुढचं काही कळलं नाही.

गुणाजीच्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगायला हवं, कारण तो काही देवमाणूस नव्हता. त्याच्या मनात आलं, दोनच दिवस. बारा जोड तेवढे होऊ देत, आपली जागा पक्की झाली की साहेबाला सांगू, बाईला परत बोलावतील. हा विचार त्याला पटलासुद्धा. आणि पटल्याबरोबर स्वतःची इतकी किळस आली की शिडीच्या तीन पायऱ्या त्यानं एकदम सोडल्या.

केबिनचं दार त्यानं न विचारता उघडलं. “साहेब, बाईंनी काही केलं नाही. पुसू नका म्हणून मी सांगितलं.”

“तुम्ही?”

“भाऊ, तुमी जावा,” सुंदराबाई म्हणाली. “माजं मी बगते.”

“नाही बाई.” तो प्रधानकडे वळला. “पीठ बसलं म्हणजे गळकी जागा दिसते, साहेब. गळते तिथे पीठ राहत नाही. मला दिसल्याशिवाय सापडत नाही, कारण मला ऐकू येत नाही. बारीक आवाज येतच नाही. गिरणीत गेले कान.”

प्रधान म्हणाला, “घेताना मी तुम्हाला विचारलं होतं.”

“होय. खोटं बोललो.”

“आणि त्या गुरुवारी? पाइपाखाली?”

“तेव्हापण.”

“अहो, टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला, शिट्टी मारायला लागला, तर तुम्हाला कळणार कसं?”

“हात टाकीवर असतो माझा. हाताला कळतं.” एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आता सुरुवात केलीच होती. “जेवायला उठलो असलो तर नाही कळणार, साहेब.”

प्रधान उठला आणि काचेपाशी गेला. त्याची पाठ गुणाजीकडे होती. बाहेर हॉलभर छताजवळ लाल गोल दिसत होते. तो बोलायला लागला. खांदे हलत होते, एकदा हातही हलला. मिक्सरच्या घरघरीत गुणाजीपर्यंत नुसती गुणगुण आली. बराच वेळ बोलत होता. गुणाजीनं सुंदराबाईकडे बघितलं, तर तिनं पदर तोंडाला लावला होता आणि डोळे भरले होते.

मग काय समजायचं ते गुणाजी समजला. त्यानं सवयीप्रमाणे मान डोलवली. कमरेची कंप्रेसरच्या खोलीची चावी काढून टेबलावर ठेवली आणि दाराकडे वळला. असाच तो किती ठिकाणांहून मान डोलवून निघाला होता! रेशनच्या दुकानातून, युनियनच्या सभेतून, स्वतःच्या घरातल्या भांडणातून. काय म्हणाले ते कधी कळलंच नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली होती. पण आता लाज कसली राहिली होती? दाराशी तो थांबला.

“साहेब,” तो म्हणाला, “तुम्ही पाठ करून बोललात. मला काही कळलं नाही. परत सांगा.”

प्रधान वळला. आधी त्याला कळेना, आणि कळलं तसा त्याचा चेहरा एकदम ओशाळला. टेबलाला वळसा घालून तो गुणाजीच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. आता तो सावकाश बोलला, शब्द सुटे सुटे करत.

“मी म्हटलं, तुम्ही खोटं बोललात त्याचा मला राग आहे. टाकीजवळ तुम्हाला एकट्याला बसवणार नाही. तिथे काशीराम दुसरा माणूस देईल. पण हे एकतीस गोल मला कान असून सापडले नसते. शेठना मी आजच सांगतो, नवीन मशीन नको. आणि पाइप तुमचे. आधी तुम्ही बघायचं, खूण करायची, दुरुस्त करायचं, मग ह्यांनी पुसायचं. ह्या कुठे जात नाहीत. शेठशी मी बोलेन.” तो थांबला. “आता कळलं?”

कंप्रेसरची खोली गेली होती. ती ऊब, टाकीवरचा तो हात, गिरणीनंतर मिळालेली स्वतःची अशी एवढीच एक जागा. त्याचं गुणाजीला वाईट वाटलं, आणि नोकरी राहिली म्हणून हायसंही वाटलं. आयुष्यात इतक्या वेळा तो हो म्हणाला होता, पण ह्या वेळी त्याला सगळं कळलं होतं, म्हणून तो शब्द तोंडातून लवकर निघेना.

“हो,” तो शेवटी म्हणाला. “फक्त ह्यापुढे माझ्याशी बोलताना तोंड इकडं ठेवत जा, साहेब.”